आजींच्या कुरडया आणि गच्चीवरचा कूलिंग टॉवर: सोलापुरातलं एक प्रकरण

मला बोलावलं होतं चिलरसाठी, म्हणजे अख्ख्या इमारतीला गारवा देणाऱ्या मोठ्या एसी यंत्रासाठी. एप्रिलचा शेवटचा आठवडा, पारा ४२ च्या वर, आणि त्या इमारतीचा चिलर रोज दुपारी दोन-तीनच्या सुमाराला हाय प्रेशर दाखवून बंद पडत होता. खाली कापडाची शोरूम, मधल्या मजल्यांवर ऑफिसं आणि एक पॅथॉलॉजी लॅब, सर्वांत वर समारंभाचा हॉल, अशी ती पाच मजली इमारत. लग्नसराई जोरात होती. एसी बंद पडला म्हणून दोन पार्ट्यांनी हॉलच्या भाड्यातून पैसे कापून घेतले होते. सोसायटीचे सेक्रेटरी फोनवर म्हणाले, "तुम्ही पाण्याचं बघता ना, एकदा येऊन जा. चिलरवाला म्हणतो पाण्याचाच दोष आहे."

इमारत पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या बाजूला. मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागाच्या शेड आणि त्यांना लागून दुमजली घरं. गाडी लावून आत शिरत होतो, तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या एका आजींनी मला अडवलं. माझ्या खांद्यावर मीटरची पेटी, म्हणजे त्यांच्या हिशेबी मी इमारतीचाच माणूस. त्यांच्या हातात सूप होतं, सुपात कुरडया, आणि कुरडयांवर बारीक पांढरे ठिपके.

"बाळा, हे बघ की. धुतलेल्या धोतरावर घातल्या होत्या. हे काय पडतंय वरनं? रात्री पोरं गच्चीवर झोपतात, तर तोंडावर पाऊस पडूलालाय म्हणून उठून बसतात. उन्हाळ्यात कुठला आला पाऊस?"

एक कुरडई मी हातात घेतली आणि एका ठिपक्याला बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट, तुरट. पुढे जे कळलं त्यानंतर मी तसं केलं नसतं. पण त्या क्षणी एवढं कळलं की चिलरचं दुखणं आणि आजींच्या कुरडया एकाच पाण्याच्या आहेत.

कूलिंग टॉवर काय करतो ते आधी थोडक्यात सांगतो. चिलर इमारतीतली उष्णता गोळा करून पाण्यात टाकतो. ते कोमट झालेलं पाणी गच्चीवरच्या टॉवरमध्ये वरून सोडतात. प्लॅस्टिकच्या नागमोडी पत्र्यांवरून, ज्यांना आम्ही फिल म्हणतो, ते पातळ होऊन ओघळतं. वरचा पंखा बाजूने हवा ओढतो, थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेलं गार होऊन खालच्या टाकीत पडतं. माठाचं पाणी गार होतं त्यात आणि यात तत्त्वाचा काही फरक नाही. फरक आहे पंख्याचा. माठ पाण्याची वाफ सोडतो. टॉवरचा पंखा वाफेबरोबर पाण्याचे बारीक थेंबही उचलून बाहेर फेकतो. ते अडवण्यासाठी पंख्याच्या वाटेत वाकडेतिकडे पत्रे बसवलेले असतात, त्यांना ड्रिफ्ट एलिमिनेटर म्हणतात. थेंब पत्र्यावर आपटतो आणि परत खाली येतो. पत्रे धड असतील तर फिरणाऱ्या पाण्याच्या ०.००५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी थेंबांच्या रूपाने बाहेर जातं.

गच्चीवर दोन टॉवर होते, प्रत्येकी १२० टन गारव्याच्या क्षमतेच्या चिलरचे. एक चालू, एक राखीव. चालू टॉवरच्या वर चढून टॉर्च मारला तर एलिमिनेटरचे पत्रे उन्हाने कडक होऊन तडकलेले. तीन ठिकाणी पत्रेच नव्हते, एका भोकावर जुन्या फ्लेक्सचा तुकडा तारेने बांधला होता. वरच्या गरम पाण्याच्या ताटावर झाकण नाही, त्यामुळे उन्हात हिरवंगार शेवाळ माजलेलं. फिलच्या फटींत शेजारच्या मागांवरून उडून आलेले सुताचे तंतू अडकून त्याची गादी झाली होती. टाकीच्या भिंतीवर बोट फिरवलं तर बुळबुळीत, तपकिरी थर. पूर्व भागात टॉवर असलेल्या प्रत्येक इमारतीला हा सुताचा त्रास आहे. ज्याने टॉवर विकला त्याच्या माहितीपत्रकात तो कुठेच नसतो.

मग मी ब्लीडचा व्हॉल्व्ह शोधला. टॉवरचं पाणी उडतं तसे क्षार मागे राहतात आणि पाणी दाट होत जातं. म्हणून त्यातलं थोडं पाणी सतत गटारात सोडून नवं पाणी घ्यावं लागतं. त्या सोडण्याला ब्लीड किंवा ब्लोडाऊन म्हणतात. व्हॉल्व्ह सापडला, पण त्याची मूठ काढून ठेवलेली होती.

ऑपरेटर चोविशीचा मुलगा, आयटीआय झालेला, कामाला चोख. विचारल्यावर त्याने आडपडदा ठेवला नाही. "सर, मागच्या गल्लीत चार-चार दिवस नळाला पाणी येत नाही. बायका घागरी घेऊन उभ्या असतात, आणि आपल्या पाइपातून दिवसभर पाणी गटारात. चेअरमन साहेबांनी एकदा बघितलं आणि बंद करायला लावलं. मलाही ते बरोबरच वाटलं."

मला त्याचा राग आला नाही, आजही येत नाही. सोलापुरात वाढलेल्या कुणालाही वाहतं पाणी बघवत नाही. उजनी भरली तरी आपल्या नळाला पाणी रोज येत नाही. टाकी, पिंप, हंडा, बादली, सगळं भरून ठेवण्याचा संस्कार आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेला आहे. मूठ काढणाऱ्याने चांगल्या मनानेच काढली होती. पण यंत्राला मन कळत नाही. दोन वर्षं ती मूठ ऑपरेटरच्या खणात पडून होती.

पेटी उघडून मीटर लावला. भरण्याचं पाणी बहुतेक बोअरचं, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार लिटरला ९०० मिलिग्रॅम. टॉवरमधलं ६,७००. म्हणजे साधारण साडेसात पट दाट. या पटीला आम्ही सायकल म्हणतो. मग क्लोराइड काढलं: बोअरमध्ये लिटरला १४० मिलिग्रॅम, टॉवरमध्ये १,३३०. साडेनऊ पट. दोन आकड्यांतला हा फरक मला नेहमी बोलका वाटतो. क्लोराइड पाण्यातच राहतं, कशावर बसत नाही, म्हणून खरी पट तेच सांगतं. टीडीएस कमी भरतो, कारण त्यातला कॅल्शियम आणि कार्बोनेटचा भाग वाटेत कुठेतरी बसलेला असतो. बसला होता फिलवर आणि कंडेन्सरच्या, म्हणजे चिलर आपली उष्णता पाण्याला देतो त्या भागाच्या, नळ्यांत. त्या थरामुळे उष्णता पाण्यात उतरत नव्हती आणि चिलरमधला दाब चढत होता. चिलर दुपारी का बंद पडतो त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

पण मला अडवलं दुसऱ्याच प्रश्नाने. ब्लीड पूर्ण बंद असेल तर पाणी साडेनऊ पटीवर थांबलं कसं? ते आणखी कितीतरी दाट व्हायला हवं होतं. टॉवरमधून पाणी दोनच रूपांत जातं, वाफ म्हणून किंवा पाणी म्हणून. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. क्षार फक्त पाण्याच्या रूपात गेलेल्या पाण्यातून जातात. त्यामुळे रोज भरलेल्या पाण्याला सायकलने भागलं की पाणी म्हणून किती गेलं ते निघतं. ऑपरेटरने भरण्याच्या मीटरची नोंद नेमाने ठेवली होती (ती वही नसती तर हे प्रकरण मी मांडूच शकलो नसतो). दिवसाला सरासरी ७,६०० लिटर. भागिले साडेनऊ, म्हणजे ८०० लिटर.

हे ८०० लिटर कुठे जात होते? टॉवर रात्री अकराला बंद होतो. त्या रात्री पंप थांबल्यावर पाणी स्थिर झालं तशी भरण्याची वाट बंद केली आणि टाकीत खडूने पातळीची रेघ मारून घेतली. सकाळी पाणी रेघेवरच. म्हणजे गळती नाही. ओव्हरफ्लोचा पाइप कोरडा. मग राहिली एकच वाट, पंख्याची आणि बाजूच्या झडपांची. दोनशे लिटरची चार पिंपं होतील एवढं दाट, खारं पाणी रोज थेंबांच्या रूपाने हवेत जात होतं. चौदा तास टॉवर चालतो, ताशी ८२,००० लिटर पाणी फिरतं, त्या हिशेबाने ०.०७ टक्के. धड एलिमिनेटर असते तर दिवसाला ५७ लिटरच्या पुढे गेलं नसतं. वाचवलेलं पाणी शेजाऱ्यांच्या गच्चीवर शिंपडलं जात होतं.

हे मी सेक्रेटरींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "खारं पाणी आहे, एवढंच ना? आजींना नव्या कुरडयांचे पैसे देऊ." मी म्हणालो, क्षारांची मला काळजी नाही. क्षारांनी फक्त थेंब कुठपर्यंत पोचतो ते दाखवलं. त्या थेंबात आणखी काय आहे ते बघायला हवं.

इथे मला जरा मागे जायला हवं. जुलै १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं. माणसं घरी परतली आणि न्यूमोनियाने आजारी पडू लागली. २०० हून अधिक आजारी, ३४ मृत्यू. सहा महिने कारण सापडेना. जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड यांनी तो जिवाणू शोधला आणि त्याला नाव मिळालं लिजिओनेला. तो नद्या-तलावांच्या पाण्यात मुळातच थोडाफार असतो, तिथे त्याचा फारसा उपद्रव नाही. २० ते ४५ अंशांचं पाणी, बुळबुळीत थर, गंज, क्षाराचे पापुद्रे मिळाले की तो वाढतो. त्या थरात राहणाऱ्या अमीबांच्या पोटात शिरून तिथेच पिलावळ करतो, आणि क्लोरीन आलं तरी अमीबाच्या आत सुरक्षित बसतो. हे पाणी प्यायल्याने सहसा आजार होत नाही. बारीक थेंब श्वासातून फुप्फुसात गेला तर होतो. म्हणून नळापेक्षा टॉवर धोक्याचा. माणसापासून माणसाला तो लागत नाही म्हटलं तरी चालेल. पन्नाशीपुढची माणसं, धूम्रपान करणारे, आधीच छाती कमजोर असलेले, मधुमेही, यांना जास्त धोका.

आजी पंच्याहत्तरीच्या. आयुष्यभर विड्या वळलेल्या, तंबाखूची धूळ पोटभर छातीत गेलेली. हे सगळं जुळताना बघून मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

सोलापूरची कोरडी हवा इथे थोडी साथ देते, हेही सांगायला हवं. वैशाखातल्या हवेत थेंब झटकन आटतो आणि हा जिवाणू कोरड्या हवेत फार काळ तग धरत नाही. पण आटलेल्या थेंबाचा उरलेला कण हलका असतो, दूर जातो, आणि टॉवरजवळच्या तीस-चाळीस फुटांत तर आटायलाही वेळ मिळत नाही. शिवाय मृगाचा पाऊस आला की हवा दमट होणार आणि ती साथ संपणार. मी मनाशी मुदत ठरवली: ७ जूनच्या आत.

नमुने घेताना दोन गोष्टी सांभाळल्या. औषध टाकण्याच्या आधी पाणी घेतलं. आणि क्लोरीन शमवणारं सोडियम थायोसल्फेट घातलेल्याच बाटल्या वापरल्या, नाहीतर पाण्यातलं क्लोरीन वाटेतच जिवाणू मारतं आणि अहवाल खोटा चांगला येतो. चालू टॉवरची टाकी आणि राखीव टॉवरची टाकी, असे दोन नमुने गार पेटीत घालून रात्रीच्या गाडीने पुण्याच्या लॅबला पाठवले. लिजिओनेला वाढवून बघायला दहा दिवस लागतात. एकूण जिवाणूंची डिप स्लाइड, म्हणजे पाण्यात बुडवून जिवाणू उगवू द्यायची पट्टी, मात्र दोन दिवसांत बोलते. तिच्यावर दर मिलिलिटरला १० लाखांचा ठिपक्यांचा गालिचा उगवला. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत १०,००० च्या आत असेल तर ठीक आणि १ लाखाच्या वर गेलं तर तातडीने कारवाई, असं आहे.

मग औषध टाकलं जात नव्हतं का? रोज टाकत होते. सकाळी दहाला, मगाने, निळ्या पिंपातलं हायपो, म्हणजे क्लोरीनचं पातळ औषध. पिंप गच्चीवर उन्हात. हायपो दर १० अंशांमागे साधारण तिप्पट वेगाने मरतं. आमच्या मे महिन्यातल्या गच्चीवर ते महिनाभर राहिलं की लेबलावर लिहिलेल्या ताकदीतलं फार थोडं उरतं. त्यात आणखी एक गोष्ट, जी मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटते. ब्लीड बंद ठेवल्याने पाणी दाट झालं, त्याची अल्कलिनिटी (कार्बोनेटसारखे आम्ल मारणारे क्षार) वाढली आणि पीएच ८.९ वर गेला. क्लोरीनचा मारक भाग पीएच ७.५ ला निम्मा असतो. ८.९ ला शंभरात जेमतेम चार. तो मुलगा रोज इमानदारीने मग ओतत होता, आणि त्यातले शहाण्णव भाग जिवाणूंसाठी जवळजवळ निरुपद्रवी होते. एक व्हॉल्व्ह बंद केल्याने क्षार बसले, क्षारांना धरून बुळबुळ बसली, बुळबुळीत जिवाणू वाढले आणि त्यांना मारणारं औषधही लुळं पडलं.

दहा-बारा दिवसांनी अहवाल आला. चालू टॉवरमध्ये लिजिओनेला न्यूमोफिला, लिटरला ६००. राखीव टॉवरच्या टाकीत १४,०००. दोन्हीकडे सेरोग्रुप (या जिवाणूचे पोटप्रकार) २ ते १४ या गटातला. त्याच ब्रिटिश सूचनांत लिटरला १,००० च्या वर गेलं की ताबडतोब निर्जंतुकीकरण. राखीव टॉवर तीन-तीन आठवडे बंद असायचा, टाकीत कोमट पाणी साचलेलं. चालू टॉवरला काही झालं की तोच सुरू करायचे, आणि पहिल्या तासात ते सगळं पाणी पंख्यातून वर.

सोसायटीची बैठक बोलावली तेव्हा कळलं की या टॉवरचा धनी कुणीच नाही. चिलरच्या एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, लिहिलेलं होतं की त्यांचं काम कंडेन्सरला पाइप जोडतो त्या फ्लँजपर्यंत. केमिकलवाला महिन्याला एकदा यायचा, टीडीएस बघून क्षार न बसण्याचं औषध देऊन जायचा. जिवाणूंबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं. हाउसकीपिंगवाले टाकीतली पानं काढायचे. सेक्रेटरी दर वर्षी बदलायचे. चौघेही आपापलं काम करत होते. मी बैठकीत एकाच गोष्टीचा हट्ट धरला, एका माणसाचं नाव लिहा. ऑपरेटरचं नाव लिहिलं गेलं, आणि त्याचा पगार वाढवून लिहिलं गेलं. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली साउथ ब्रॉन्क्सला एका हॉटेलच्या टॉवरमुळे १३० हून अधिक माणसं आजारी पडली. शहरात टॉवर कुठे कुठे आहेत याची पुरी यादीच नव्हती, ती साथ चालू असताना करावी लागली. त्याच वर्षी तिथे प्रत्येक टॉवरची नोंदणी सक्तीची झाली. नाव आणि यादी या गोष्टी कारकुनी वाटतात, पण त्यांच्यावाचून तपासणी सुरूच होत नाही.

खरा वाद झाला तो शेजाऱ्यांना सांगायचं की नाही यावर. "घबराट होईल, उद्या कुणी केस टाकेल," असं एका सभासदाने म्हटलं. मी सांगितलं, सफाईच्या दिवशी मागच्या गच्चीवर माणसं झोपलेली असतील तर मी कामाला हात लावणार नाही. शेवटी मीच सेक्रेटरींना घेऊन गल्लीत गेलो. पाच दिवस गच्चीवर झोपू नका, वाळवण घालू नका, पाण्याच्या टाक्यांची झाकणं घट्ट लावा, आणि गेल्या दोन महिन्यांत कुणाला न्यूमोनिया झाला असेल तर सांगा. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. आजींनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "आमच्या धाकट्या दिरांना झाला होता की. मार्चात. नऊ दिवस दवाखान्यात."

दीर गिरणीतून निवृत्त झालेले, दिवसाला बंडलभर विडी. आता बरे होते. कागद बघितले. छातीचा फोटो, रक्त, थुंकी, सगळं केलं होतं. लिजिओनेलाची लघवीची तपासणी केलेली नव्हती. केली असती तरी ती मुख्यतः सेरोग्रुप १ च पकडते, आणि आमच्या पाण्यातला त्या गटाचा नव्हता. त्यांचा आजार टॉवरमुळे झाला असं मी म्हणू शकत नाही, झाला नाही असंही म्हणू शकत नाही. त्यांच्या डॉक्टरांना मी आमचा अहवाल दिला. पुढे गल्लीतून न्यूमोनियाचा कुणी आला तर हे लक्षात ठेवा म्हणालो, कारण पेनिसिलिनच्या कुळातली औषधं पेशीच्या आत बसलेल्या या जिवाणूवर चालत नाहीत. अॅझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागतं. डॉक्टरांनी अहवालाची प्रत फायलीत लावून घेतली.

सफाईसाठी मुहूर्त नसलेला सोमवार निवडला. ठेकेदार जेट पंप घेऊन आला होता, तो मी परत पाठवला. फ्रान्सच्या उत्तरेला हार्न इथे २००३-०४ च्या हिवाळ्यात एका कारखान्याच्या टॉवरमुळे ८६ जण आजारी पडले, १८ दगावले. सहा-सात किलोमीटरवरच्या लोकांनाही लागण झाली, आणि साथ वाढण्यात जोराच्या फवाऱ्याने केलेल्या सफाईचा हात होता. फवाऱ्याने घाण निघते, पण ती हवेत निघते.

क्रम असा ठेवला. आदल्या दोन दिवशी पंखा बंद असतानाच जुनं दाट पाणी टप्प्याटप्प्याने सोडून पीएच ८ च्या खाली आणला. आधी पाणी बदलायचं, मग क्लोरीन घालायचं. उलटं केलं तर क्लोरीन वाया. मग पंखा बंदच ठेवून, बुळबुळ सुटण्याचं औषध घालून, मोकळं क्लोरीन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ न देता पाच तास पाणी फिरवलं. दोन्ही टॉवरमधून, दोन्ही पंपांतून. हे पाच तास क्लोरीन टिकू लागल्यापासून मोजले. त्याआधीच्या पहिल्या तासात ते चार वेळा शून्यावर आलं, एवढी बुळबुळ ते खात होती. नंतर पाण्यातलं क्लोरीन निष्प्रभ करून ते सोडलं, आणि माणसं आत उतरली ती मास्क, गॉगल घालून, ब्रश आणि खराटे घेऊन, हळू धारेच्या नळीने. चालू टॉवरचं फिल साफ होण्यापलीकडे गेलं होतं, ते काढून ओल्या पोत्यांत भरून उतरवलं. कंडेन्सरच्या नळ्या चिलरवाल्याने ब्रश आणि अॅसिडने धुतल्या. पाणी भरून पुन्हा पाच तास क्लोरीन. नवे एलिमिनेटर आठवड्याने आले. ते बसेपर्यंत पंखा चालवला नाही. हॉलच्या दोन तारखा रद्द झाल्या. त्याबद्दल मला बोलणीही खावी लागली.

३० मेला टॉवर सुरू झाला. आठवड्याने घेतलेल्या नमुन्यात लिजिओनेला आढळला नाही. कंडेन्सरमधली तफावत (आतल्या गॅसचं आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान यांतली) ६ अंशांवरून २ वर आली, दुपारचं बंद पडणं थांबलं. सगळ्यांना काम संपलं असं वाटलं, मलाही.

जूनअखेरच्या नमुन्यात तो परत आला. चालू टॉवरमध्ये लिटरला ३००.

वही तपासली, क्लोरीन ठीक, पीएच ठीक, ब्लीड चालू. मी आणि ऑपरेटर अख्खा पाइप हाताने चाचपत गेलो. राखीव टॉवरच्या मागे, कधीकाळी तिसरा टॉवर बसवायचा म्हणून सोडलेली तीन इंची नळी होती, चार फूट लांब, टोकाला बूच. तिच्यातून पाणी कधीच फिरत नव्हतं. आम्ही पाच-पाच तास क्लोरीन फिरवलं ते तिच्या तोंडावरून गेलं. बूच उघडलं तर काळा, वास मारणारा गाळ. त्यातला जिवाणू रोज थोडा थोडा मुख्य पाण्यात येत होता. पहिल्याच दिवशी ही नळी माझ्या नजरेला पडली होती आणि मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. ती चूक माझी. नळी मुळाशी कापून बंद केली, दोन्ही टाक्यांना जोडणाऱ्या पाइपाला खालून व्हॉल्व्ह बसवला, आणि सगळी सफाई पुन्हा केली, या वेळी माझ्या खर्चाने. त्यानंतर टॉवर एक दिवसाआड बदलून चालवतात, कुणीच पडून राहत नाही. जुलै आणि ऑगस्टचे नमुने निर्धोक आले.

आता पाण्याचं. चेअरमन साहेबांनी मला विचारलेला प्रश्न रास्त होता: "म्हणजे आम्ही पुन्हा पाणी गटारात सोडायचं?" हो, सोडायचं, पण मोजून. टीडीएस बघून आपोआप उघडणारा ब्लीड व्हॉल्व्ह बसवला. बोअरच्या पाण्यात निम्मं नळाचं मिसळून सायकल ५ वर ठेवली. वाफ होणारं पाणी तेवढंच, दिवसाला ६,८०० लिटर. भरावं लागतं ८,५००. म्हणजे आधीपेक्षा ९०० लिटर जास्त. सायकल ३ ठेवली असती तर १०,२०० लागलं असतं. ३ वरून ५ वर गेल्याने १,७०० लिटर वाचतात. ५ वरून साडेनऊवर जाऊन वाचत होते ते फक्त ९००, आणि त्यासाठी हे सगळं. हायपोचं पिंप जिन्याखाली सावलीत आलं, दोन आठवड्यांचंच मागवतात, आणि सोबत सोडियम ब्रोमाइड घालतात. ब्रोमीन पीएच ८.५ च्या पुढेही बऱ्यापैकी काम करतं, आमच्या बोअरच्या पाण्याला तेच मानवतं.

गटारात जाणारे ते १,७०० लिटर मला अजून खुपतात. झाडांना घालावं म्हटलं तर एवढं खारं पाणी काळ्या मातीला मारतं. संडासाच्या टाकीला द्यावं तर फ्लशचेही तुषार उडतात. एसीच्या कॉइलवरून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते आता टॉवरमध्ये घेतात. उन्हाळ्यात ते अगदी थोडं, पावसाळ्यात पिंपभर. आणि सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरात, म्हणून गच्चीच्या पन्हाळ्यांना गाळणी लावून जुन्या हौदात सोडण्याचं काम गणपतीच्या आधी उरकलं.

एलिमिनेटर बदलण्याआधी मी आजींच्या गच्चीवर काळा रंग दिलेले सहा पत्रे ठेवले होते, टॉवरकडच्या कठड्यापासून दर पाच फुटांवर एक. एका दिवसात पहिल्या चारांवर ठिपक्यांची रांगोळी उठली होती. नवे बसल्यावर तेच पत्रे तीन दिवस ठेवले. कठड्याजवळच्या पत्र्यावर सात ठिपके, बाकीचे कोरे. ते सात मी ओल्या कापडाने पुसले, पत्रा पुन्हा तिथेच ठेवला आणि ऑपरेटरला दर सोमवारी मोजून वहीत लिहायला सांगितलं. वहीत त्याने त्या रकान्याला नाव दिलंय "आजींचा पत्रा".